आधी हळू वाजवून बघते

पियानो शिकलेल्या माणसाला स्टेजवर पियानो क्वचितच मिळतो. आपल्याकडच्या बहुतेक सभागृहांत तो नसतोच. असला तर कुलूपबंद असतो, नाहीतर कित्येक पावसाळे ट्यूनिंगवाचून काढलेला असतो. त्यामुळे आम्ही आमचा पियानो बरोबर घेऊन फिरतो, म्हणजे स्टेज कीबोर्ड. भावगीतांचे कार्यक्रम, गझलची साथ, लग्नाची रिसेप्शनं, नाताळात चर्चमधला कॉयर, असं सगळं मी या कीबोर्डवर वाजवत आले. शिकवतेही. ‘कुठला घेऊ?’ हा प्रश्न विद्यार्थी, त्यांचे पालक आणि बरोबरचे वादक मला सतत विचारतात. बहुतेकांना उत्तर म्हणून एखादं मॉडेल हवं असतं. ते देण्याआधी मला पट्टीखाली काय चालतं त्याबद्दल बोलावंसं वाटतं, कारण तिथे जे आहे ते पुढची कितीतरी वर्षं आपल्या हाताला घडवणार असतं. वाजवता वाजवता जे उमगत गेलं, ते इथे लिहिते आहे.

१. पट्टी दाबणं वेगळं आणि हातोडी फेकणं वेगळं, हे मला पेटीमुळे कळलं. माझी बोटं आजोबांच्या पेटीवर बसली. पेटीत आवाज किती हे भाता ठरवतो. उजव्या हाताने पट्टी हळुवार दाबा की जोरात, सुराला त्याचं काही नसतं. शिवाय पट्टी धरून ठेवली आहे तोवर सूर आपल्या ताब्यात असतो, तो मागाहूनही फुलवता येतो. पियानोत मात्र सगळा कारभार एका सेंटिमीटरच्या आत उरकतो. ग्रँड पियानोची पट्टी साधारण दहा मिलिमीटर खाली जाते. तेवढ्यात फेल्टची हातोडी पट्टीच्या सुमारे पाचपट वेगाने तारेकडे झेपावते, आणि तार जेमतेम दीड-दोन मिलिमीटरवर असताना यंत्रणा तिला सोडून देते. शेवटचं अंतर हातोडी स्वतःच्या वेगावर कापते. कॅरमचा स्ट्रायकर बोटातून सुटला की त्याच्यावर आपला काही हक्क उरत नाही, तसंच हे. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास पहिला पियानो घडवला, तेव्हा त्याची खरी करामत ही सुटका होती. हातोडी तारेला टेकून राहिली असती तर सूर तिथेच मुका झाला असता. पुढे १८२१ मध्ये सेबास्तियाँ एरार याने अशी रचना केली, की पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच सूर पुन्हा वाजवता यावा. आज स्टेज कीबोर्डच्या जाहिरातीत जे काही मिरवलेलं असतं, ते बहुतांशी या दोन माणसांच्या कामाची प्लास्टिक, लाकूड आणि सेन्सरमधून केलेली आठवण असते. पेटीवरून आलेल्या माझ्या हाताला ‘सूर लागण्याआधीच माझं काम संपलेलं आहे’ हे पटायला फार वेळ लागला. ॲक्शन, म्हणजे पट्टीखालची ही सगळी यंत्रणा, चांगली की वाईट हे तेव्हापासून मी एकाच गोष्टीवरून ठरवते: सुटण्याआधीचा वेग ती माझ्या बोटाला नेमका ठरवू देते का?

२. ‘वेटेड आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. दुकानात हा शब्द फार सैल वापरला जातो. सिंथसारख्या हलक्या पट्टीत फक्त स्प्रिंग असते. सेमी-वेटेडमध्ये स्प्रिंग जरा ताठ, आणि कधीकधी पट्टीच्या पोटात थोडं वजन घातलेलं. हॅमर ॲक्शनमध्ये प्रत्येक पट्टीमागे खरोखरच एक छोटी वजनदार दांडी हलते; ती तारेवर आदळत नाही, पण बोटाला तिचं वजन जाणवतं. फरक कागदावर किरकोळ वाटतो, बोटाला मात्र लगेच कळतो. स्प्रिंग जितकी दाबावी तितकी अडते, म्हणजे तिचा विरोध शेवटी सर्वात जास्त. हातोडीचं उलटं आहे. तिला जागची हलवायला जोर लागतो, आणि एकदा हलली की ती स्वतःच्या वेगाने पुढे जाते. पियानोवर वाढलेलं बोट तो सुरुवातीचा विरोध शोधत असतं. तो नसला की बोट धाडकन तळाला जाऊन आपटतं. शिवाय खऱ्या पियानोत खर्जाच्या हातोड्या मोठ्या आणि टिपेच्या लहान असतात, म्हणून डावीकडून उजवीकडे पट्ट्या हलक्या होत जातात. ‘ग्रेडेड’ म्हणतात ते हेच. एका ओळीतल्या सगळ्या पट्ट्या सारख्या वजनाच्या असणं हा काही दोष नव्हे. पण शास्त्रशुद्ध पियानो वाजवणाऱ्याने ते आधी माहीत करून घ्यावं.

३. जड म्हणजे अस्सल, ही समजूत मी नवख्यांत बघते आणि मुरलेल्या वादकांतही. तिचा उगम समजण्यासारखा आहे. हलक्या कीबोर्डवरून कोणी पहिल्यांदा पियानोला हात लावला, की ‘बापरे, किती जड!’ हेच आधी मनात येतं, आणि मग जडपणा हीच पियानोची खूण ठरते. पण नीट राखलेल्या ग्रँडची मधली पट्टी सुमारे ५० ग्रॅम वजनाने सावकाश खाली जाऊ लागते. काही फार नाही ते. शिवाय हा आकडा पट्टी हलू लागण्यापुरताच आहे. वाजवताना बोटाला जाणवतं ते हातोडीला वेग देताना लागणारं बळ, आणि ते वाजवण्याच्या जोराप्रमाणे बदलतं: हळू वाजवलं तर पट्टी हलकी लागते, जोरात वाजवलं तर जड. पियानोचं सौंदर्य या बदलण्यात आहे. काही कीबोर्ड सगळीकडे एकसारखे जड असतात, हळू वाजवतानाही. तीन तासांच्या कार्यक्रमात दुसऱ्या अंकापर्यंत कोपराखालचा स्नायू भरून येतो, मग बोटं वेळेवर उठेनाशी होतात आणि भावगीताच्या दोन ओळींमधली छोटी जागा घोटाळते. खरी गोम परत येण्यात आहे. खाली जाताना पट्टी कितीही छान वाटो, वर येताना ती बोटाला चिकटून आली पाहिजे. रेंगाळली तर मुरकी संपली. आपल्या संगीताला हे विशेष लागू आहे, कारण गायिकेच्या मागोमाग हलकी हरकत घ्यायची असते तेव्हा जोराची गरज नसते, पट्टी झटकन उठण्याची असते.

४. मी आता दुकानात सर्वात आधी हळू वाजवून बघते. याच्याइतकं दुसऱ्या कशानेच मला शिकवलेलं नाही, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते. दुकानात सगळे जोरात आणि भरभर वाजवतात. आजूबाजूला माणसं असतात, विक्रेता ‘मॅडम, यात इतके टोन, इतके रिदम’ असं सांगत असतो, आणि जोरात वाजवल्यावर बहुतेक कीबोर्ड चांगलेच वाटतात. मी एक स्टूल मागून घेते, कारण मांडणीवर उंच ठेवलेल्या कीबोर्डवर उभ्याने वाजवून ॲक्शन कळत नाही. माझे हेडफोन लावते. मग चार सुरांचा एक साधा कॉर्ड जितका हळू वाजवता येईल तितका हळू वाजवते, पुन्हा पुन्हा. चारही सूर उमटतात का? एकसारखे उमटतात का? कधी एखादा सूर गळतो. तो माझ्या करंगळीने कमी वेग दिल्यामुळे गळला असेल तर पुढच्या खेपेला मी तो सुधारू शकते, आणि अशी ॲक्शन मला चालते, कारण ती माझ्या हाताबद्दल खरं सांगते. पण कधी हा गळतो, कधी तो, आणि मी काहीही केलं तरी नेम लागत नाही, असं झालं तर तो कीबोर्ड कितीही नावाजलेला असो, मी उठते.

त्यानंतर एकच पट्टी तीन-दोन-एक बोटांनी पाळीपाळीने, आधी सावकाश आणि मग वाढवत. तिथे एरारची आठवण होते. पट्टी अर्धवट वर आलेली असताना पुढचं बोट पडलं तर सूर येतो का, हे बघायचं.

मग आतली जागा. हे फार कमी लोक तपासतात. काळ्या पट्ट्यांच्या मधोमध, अगदी आतल्या कडेला, जिथे पांढरी पट्टी बोटभर रुंदसुद्धा उरत नाही, तिथे बोट घालून वाजवायचं. ई-फ्लॅट मायनरसारख्या काळ्या पट्ट्यांनी भरलेल्या स्केलमध्ये अंगठा आणि मधली बोटं सतत तिथेच असतात. ग्रँडची पट्टी आपल्याला दिसते त्याहून बरीच लांब असते. तिचा टेकू पार मागे, झाकणाच्या आत असतो. त्यामुळे आत वाजवलं तरी वजन फारसं वाढत नाही. सडपातळ कीबोर्डमध्ये मागे जागाच नसते. टेकू पुढे येतो, आणि बाहेरच्या टोकाला मऊ वाटणारी पट्टी आतल्या टोकाला दगडासारखी होते. तिथे हळू वाजवणं जवळजवळ अशक्य असतं. पांढऱ्या पट्टीच्या टोकावर दोन बोटं फिरवून ‘टच मस्त आहे’ म्हणणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

शेवटी आवाज पूर्ण बंद करून नुसत्या पट्ट्या वाजवते. खटखट किती होते? मोठ्या लॉनवर तिने बिघडत नाही, पण छोट्या बैठकीत गायकाचा माइक दोन हातांवर असतो, आणि आलापात ती खटखट स्पष्ट ऐकू येते. रात्री फ्लॅटमध्ये रियाज करणाऱ्याच्या खालच्या मजल्यावर तर फक्त तीच पोचते.

५. टच अर्धा कानात असतो. हे मान्य करणं मला जड गेलं, कारण माझी बोटं खोटं सांगणार नाहीत असा माझा विश्वास होता. कीबोर्डच्या पट्टीखाली बहुधा दोन संपर्क असतात. पट्टी एकाला आधी स्पर्श करते, दुसऱ्याला मागाहून, आणि मधला वेळ मोजून कीबोर्ड वेग ठरवतो. तिसरा सेन्सर असला तर पट्टी पूर्ण वर न येता सूर पुन्हा वाजवता येतो. तो वेग १९८३ मध्ये आलेल्या मिडी पद्धतीप्रमाणे १ ते १२७ यांपैकी एक आकडा होतो, आणि त्या आकड्याला कुठला आवाज द्यायचा हे आतला ध्वनी ठरवतो. त्यामुळे एकच ॲक्शन असलेले दोन कीबोर्ड हाताला वेगळे लागू शकतात. गडद, भरदार पियानोचा ध्वनी असेल तर तीच पट्टी जड वाटते, उजळ ध्वनीवर हलकी. सेटिंगमध्ये ‘लाइट’, ‘हेवी’ असे पर्याय असतात; त्यांनी पट्टीचं वजन तसूभरही बदलत नाही, फक्त वेगाला मिळणारा आवाज बदलतो. तरी बोटाला वाटतं की पट्टीच बदलली. स्टेजवर याचा अनुभव दर कार्यक्रमात येतो. मॉनिटरमध्ये पियानो कमी आला की मी नकळत जोर लावू लागते, आणि घरी लोण्यासारखी वाटणारी ॲक्शन तिथे आडमुठी वाटते. हल्ली साउंडचेकला माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘दादा, मॉनिटरला मला पियानो थोडा वाढवून द्या.’ मनगट वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

६. पुढच्या पाटीवरचं नाव आणि आतली पट्टी एकाच घरची असेल असं नाही. यामाहा, रोलँड, कावाई, कॅसिओ आपापल्या ॲक्शन बनवतात. पण इटलीत रेकानाती इथे फातार नावाची कंपनी आहे, आणि जगभरच्या अनेक कीबोर्डमध्ये तिच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. स्वीडनच्या नॉर्डच्या लाल कीबोर्डमध्येही बहुतेक त्याच असतात. २०१९ मध्ये आलेल्या ‘नॉर्ड ग्रँड’ला मात्र त्यांनी कावाईची ॲक्शन घातली. रेकानातीजवळचंच कॅस्टेलफिदार्दो हे अकॉर्डियनचं गाव. पेटीच्या भावंडाच्या मुलखातून इतक्या पियानोवादकांच्या बोटांखालच्या पट्ट्या येतात, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की कंपनीचं नाव ऐकून न थांबता ॲक्शनचं नाव विचारावं. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग कीबोर्डमध्ये ध्वनी सारखा आणि पट्ट्या पूर्ण वेगळ्या, असं सर्रास असतं.

७. चांगल्या ॲक्शनची किंमत पाठीलाही मोजावी लागते. पट्टीमागे लाकूड, वजनं आणि लांब टेकू आले की किलो वाढणारच. अकरा किलोंच्या आसपासचा कॅसिओचा पीएक्स-एस१००० एका खांद्यावर जातो. रोलँडचा आरडी-८८ साडेतेरा किलोंचा, यामाहाचा सीपी८८ साडेअठरांच्या पुढे, रोलँडचा आरडी-२००० जवळजवळ बावीस. कावाईचा एमपी११एसई तिशीच्या पलीकडे जातो, आणि त्याच्या लाकडी पट्ट्या वाजवताना ग्रँडची जितकी आठवण होते तितकी मला दुसऱ्या कुठल्याच स्टेज कीबोर्डवर झालेली नाही. पण तो उचलायला दोन माणसं लागतात. केसचं वजन यात धरलेलंच नाही. लोकलच्या लगेजच्या डब्यातून, दादरच्या पुलावरून, मग सभागृहाच्या मागच्या अरुंद जिन्याने असा प्रवास करून जो वाजवायला बसतो, त्याच्या हातांत पहिल्या गाण्याला थरथर असते. ती कुठल्याही ॲक्शनने झाकली जात नाही. पूर्वीच्या लोकांचं याहून कठीण होतं. सत्तरच्या दशकातला यामाहाचा सीपी-७० हा खऱ्या तारांचा, खऱ्या हातोड्यांचा इलेक्ट्रिक ग्रँड. दोन भाग करून न्यायचा, जोडायचा, आणि वर ट्यूनही करायचा. तरी लोक न्यायचे, कारण पट्टीखाली हातोडी होती. मी घरात जड आणि प्रवासाला मध्यम असे दोन ठेवते. ज्याला एकच घेणं परवडतं त्याने, महिन्यातून कितीदा उचलावा लागणार आणि उचलायला बरोबर कोण असणार, याचा प्रामाणिक हिशेब आधी करावा.

८. पियानोची उत्तम ॲक्शन ऑर्गनला आणि अकॉर्डियनला गैरसोयीची असते. ‘रूप तेरा मस्ताना’मधला केरसी लॉर्ड यांचा अकॉर्डियन हॅमर ॲक्शनवर वाजवून बघा. सूर सगळे येतील, पण अकॉर्डियनची पट्टी स्पर्श होताच बोलते, आणि इथे प्रत्येक सुराआधी हातोडी हलवावी लागते. त्यात त्या वाक्याचा तोरा जातो. हॅमंड ऑर्गनच्या पट्ट्यांना पुढे बाहेर आलेली कडा नसते, म्हणून त्यांवरून तळवा घसरवता येतो. पियानोच्या पट्ट्यांवर तसं केलं तर हात सोलवटतो. म्हणून ज्यांना एका संध्याकाळी सगळं वाजवावं लागतं, ते खाली हॅमर ॲक्शन आणि वर हलका छोटा कीबोर्ड असे दोन मजले करतात. हाच शहाणपणा आहे. एकाच ॲक्शनमध्ये सगळं शोधणाऱ्याला बहुधा दोन्हीकडून अर्धवट मिळतं. बरोबर बेस गिटार असेल तर ८८ ऐवजी ७३ पट्ट्याही पुरतात, कारण खर्जात आपल्याला फारसं कामच नसतं. एकट्याने पियानोचा कार्यक्रम करायचा असेल तर मात्र ८८ हव्यातच.

९. पावसाळा डिजिटललाही सोडत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांतले पियानो मी पाहिले आहेत: दमट हवेने लाकूड फुगून अडकलेल्या पट्ट्या, गंजलेल्या तारा, कसरीने खाल्लेलं फेल्ट. स्टेज कीबोर्डला तार नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण पट्टीखालच्या रबरी संपर्कावर धूळ आणि ओल बसली की मोजलेला वेळ चुकतो. मग एखादी पट्टी हळू वाजवली तरी अचानक किंचाळते, नाहीतर मुकीच राहते. हातोड्यांखालचं फेल्ट झिजलं की खटखट वाढते. जुना कीबोर्ड घेताना म्हणून मी सगळ्याच्या सगळ्या पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या ओळीने, एकाच हळू जोराने वाजवते. कंटाळवाणं काम आहे, समोरचा माणूस घड्याळ बघू लागतो, पण दुसरा मार्ग नाही. पट्टीचा पृष्ठभागही बघावा. मे महिन्यात लॉनवरच्या लग्नात बोटांना घाम येतो, गुळगुळीत प्लास्टिकवर काळ्या पट्टीवरून बोट घसरतं, आणि किंचित खरखरीत, हस्तिदंतासारख्या पोताची पट्टी तिथे मोठा आधार देते.

१०. हलणाऱ्या स्टँडवर कुठलीच ॲक्शन चांगली नसते. कैचीसारखा उघडणारा स्टँड जोराच्या कॉर्डला डोलतो, आणि बोटाने दिलेलं बळ त्या डोलण्यात मुरतं. टेबलासारखा चार पायांचा स्टँड घ्यावा. उंची अशी, की कोपर पट्टीच्या पातळीला यावं. बस, यात आणखी सांगण्यासारखं नाही.

११. शिकणाऱ्या मुलासाठी घेताना मी सर्वात हट्टी होते. पालक म्हणतात, ‘ताई, आत्ता साधा घेऊ, आवड टिकली तर मग वेटेड.’ पैशांची ओढाताण मला कळते, आणि पाश्चात्त्य वाद्यांच्या किमती आपल्या मध्यमवर्गाला आजही झेपत नाहीत हेही मी रोज बघते. पण स्प्रिंगच्या अरुंद पट्ट्यांवर वर्षभर शिकलेलं मूल ग्रेडच्या परीक्षेला खऱ्या पियानोपुढे बसतं तेव्हा त्याचा सूर अर्धा येतो, काही ठिकाणी येतच नाही. मूल घाबरतं आणि समजतं की आपल्यालाच येत नाही. त्याला येत असतं. त्याच्या बोटाला हातोडी कधी भेटलेलीच नसते. मला हे बघवत नाही. म्हणून मी म्हणते, शेकडो टोन आणि रिदम सोडा. दहा-बारा आवाज असलेला, पण पूर्ण आकाराच्या ८८ पट्ट्यांचा आणि साध्या का होईना, हॅमर ॲक्शनचा कीबोर्ड घ्या. वापरलेला मिळाला तर नवव्या मुद्द्यात लिहिल्याप्रमाणे तपासून घ्या. लहान हातांना जड ॲक्शन झेपणार नाही असं वाटत असेल तर दुकानात मुलालाच वाजवू द्या, आपण वाजवून त्याच्या वतीने ठरवू नका. आणि खोक्यात येणारं ते छोटं चौकोनी पेडल लवकर बदला. ते जमिनीवर सरकत जातं, आणि त्याला फक्त चालू आणि बंद एवढंच कळतं. कीबोर्डमध्ये सोय असेल तर अर्धं दाबलेलंही ओळखणारं, धातूचं, वजनदार पेडल घ्या. हळू वाजवायला शिकलेल्या हाताला पायाचीही तेवढीच साथ लागते.